एसओएस म्हणजे नक्की काय? (शॉर्टफॉर्ममुळे झालेले घोळ इथे लिहा)

अर्धविराम

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय. या विषयावर आधीच धागा असेल तर सांगा, हा उडवायला सांगते.

तर झालं असं, बाबांच्या मनगटाचं छोटंसं ऑपरेशन झालं. घरी सोडताना चार औषधांची यादी दिली. तीन औषधांपुढे १-०-१ वगैरे लिहिलेलं होतं, ते बाबांनी अगदी घड्याळ लावून घेतलं, आणि चौथ्या गोळीपुढे फक्त तीन अक्षरं, एसओएस. ती वेदनाशामक गोळी होती हे मला नंतर कळलं. मीही ती यादी वाचली होती बरंका, पण मला वाटलं बाबांना हॉस्पिटलमध्ये सांगितलं असेल आणि बाबांना वाटलं हिला सांगितलं असेल.

चौथ्या रात्री अडीच वाजता पाणी प्यायला उठले तर हे अंधारात खुर्चीत बसलेले, हात उशीवर ठेवून, दात आवळलेले. म्हटलं गोळी घेतली का? तर म्हणाले कुठली, तीन तर घेतल्या. चौथी? "अगं ती एसओएसची आहे, जहाज काही बुडत नाहीये अजून."

मी कपाट उघडून बघितलं, सगळ्यात वरच्या खणात ती पट्टी रबर लावून ठेवलेली, एकही गोळी फोडलेली नाही, आणि वर एका चिठ्ठीवर त्यांच्या अक्षरात "फक्त जिवावर बेतलं तर". तीन रात्री माणूस झोपला नाही हो. हसावं की रडावं कळेना, आधी गोळी दिली आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

सकाळी हॉस्पिटलला फोन केला तर तिकडची मुलगी अगदी सहज म्हणाली, एसओएस म्हणजे दुखलं तर घ्यायची, सगळ्यांना माहिती असतं. हे "सगळ्यांना" कोण असतात, मला एकदा भेटायचंय त्यांना.

तुमचे असे काही किस्से असतील तर लिहा. मला निदान मी एकटीच नाही असं वाटेल.

टंकनदोष

जहाज बुडत नाहीये अजून... हहपुवा झाली आणि मग तीन रात्री वाचून गप्प झालो. बाबा आता बरे आहेत ना?

अर्धविराम

हो हो, ठणठणीत, दुसऱ्या दिवशीपासून घोरतायत.

स्टेथो

अर्धविराम, पेशाने डॉक्टर आहे म्हणून आधी सगळ्या जमातीतर्फे माफी मागतो.

तुमच्या बाबांचा एसओएस आणि आमचा एसओएस हे नावाचेच भाऊ, रक्ताचं नातं काहीच नाही. आमचा लॅटिन आहे, सी ओपुस सित, म्हणजे गरज पडली तर. तसंच बीडी म्हणजे बिस दिए, दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे होरा सोम्नी, झोपायच्या वेळी. एसी आणि पीसी हे आमच्याकडे थंड हवेचं यंत्र आणि कॉम्प्युटर नसतात, जेवणाआधी आणि जेवणानंतर असतात. खरी गंमत ओडीची. औषधाच्या कागदावर ओडी म्हणजे दिवसातून एकदा, डोळ्यांच्या डॉक्टरकडे ओडी म्हणजे उजवा डोळा, इमर्जन्सीत कुणी ओडी ओरडलं तर पेशंटने एखाद्या औषधाचा किंवा नशेचा ओव्हरडोस घेतलाय. आम्ही संदर्भाने ओळखतो, पण पेशंटकडे तो संदर्भ कुठून येणार? त्याच्या हातात नुसता कागद.

आमच्यातही याने चुका होतात. युनिट्ससाठी नुसता यू लिहिला आणि अक्षर घाईचं असलं की तो शून्यासारखा दिसतो, इन्शुलिनचे ४ युनिट चाळीस वाचले जाऊ शकतात. एमएस लिहिलं तर मॉर्फिन सल्फेट पण होतं आणि मॅग्नेशियम सल्फेट पण. अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये असे शॉर्टफॉर्म वापरूच नका म्हणून यादीच काढली, त्यात हा यू आहे, आयव्ही (शिरेतून) किंवा दहा वाचला जाणारा आयू (इंटरनॅशनल युनिट) आहे, आणि १.० असं लिहायचं नाही हेही आहे, कारण तो टिंब दिसला नाही की सरळ दहा होतात. मी स्वतः आता कागदावर "दुखल्यास" असं मराठीत लिहितो. दीड सेकंद जास्त लागतो.

खडूस

रच्याकने, जहाजाच्या एसओएसचाही काही फुलफॉर्म नाहीये. सेव्ह अवर सोल्स, सेव्ह अवर शिप हे सगळं लोकांनी मागाहून बसवलंय. मोर्समध्ये तीन टिंबं तीन रेघा तीन टिंबं, सलग, मध्ये न थांबता, ओळखायला सोपं म्हणून निवडलं. आधी जर्मनीने घेतलं, मग १९०६ च्या बर्लिनच्या परिषदेत ठरलं, १९०८ पासून लागू झालं. त्याआधी सीक्यूडी होतं, त्याचाही लोकांनी "कम क्विक डेंजर" केला, खरं तर सीक्यू म्हणजे सर्व स्टेशनांना हाक आणि डी डिस्ट्रेसचा. १९१२ ला टायटॅनिकवरून दोन्ही पाठवले होते.

म्हणजे बाबांना जो अर्थ माहीत होता त्यालाही फुलफॉर्म नाही, आणि ज्याला फुलफॉर्म आहे तो त्यांना कुणी सांगितला नाही.

मीच_ती

खडूस तुम्ही हे सगळं पाठ ठेवता की लिहून ठेवता?

माझा छोटासा. नवीन नोकरी, पहिलाच आठवडा, बॉसला मेल केला तर ऑटोमॅटिक उत्तर आलं की मी शुक्रवारपर्यंत पीटीओवर आहे. मला पीटीओ एकच माहीत, परीक्षेच्या पेपरच्या तळाशी असतो तो, पान उलटा. मी ती मेल खाली खाली खाली स्क्रोल करत बसले, पुढचं पान कुठाय म्हणून. पेड टाइम ऑफ म्हणे. सरळ सुट्टीवर आहे लिहायला काय झालं होतं!

पहिला_बाक

ऑफिसचं निघालंच आहे तर माझं ऐका, मोठं आहे, चहा घेऊन बसा.

दोन टीमची मीटिंग, आमची आणि समोरच्या कंपनीची, पहिल्यांदाच बोलत होतो. समोरचा मॅनेजर म्हणाला, तुमचा पीओसी कधी मिळेल? आमच्याकडे पीओसी म्हणजे प्रूफ ऑफ कन्सेप्ट, छोटासा चालणारा नमुना. आमचा लीड म्हणाला दोन आठवडे लागतील, अजून बराच कच्चा आहे. समोरचा जरा चपापला, म्हणाला आम्हाला जरा सीनियर हवा होता. लीड म्हणाला नाही नाही, सुरुवातीला कच्चाच असतो, तुम्ही वापरून बघा, नाही आवडला तर टाकून देऊ, दुसरा बनवू. तिकडे शांतता. मग ती बाई, त्यांची एचआरवाली असावी, हळूच विचारते, आत्ता जो आहे त्याला काही प्रॉब्लेम आहे का? लीड म्हणतो, प्रॉब्लेम असा नाही पण लोड आला की कोसळतो, रात्री रीस्टार्ट करावा लागतो.

त्यांच्याकडे पीओसी म्हणजे पॉइंट ऑफ कॉन्टॅक्ट. संपर्काचा माणूस मागत होते बिचारे.

वीस मिनिटं चाललं हे. आणि मला, शपथ सांगतो, पाचव्या मिनिटाला शंका आली होती. पण मी सगळ्यात ज्युनियर, म्हटलं आपल्यालाच कळत नसेल, सगळे कसे मान डोलावतायत. नंतर लिफ्टमध्ये विचारलं तर निम्म्या लोकांना शंका आली होती! कुणीच तोंड उघडलं नाही.

टंकनदोष

"रात्री रीस्टार्ट करावा लागतो" मेलो 😂😂 आमच्या ऑफिसात असे चार जण आहेत.

कंट्रोल_झेड

आम्ही प्रोग्रामर लोक शॉर्टफॉर्म नसलेलं बोललो तरी घोळ होतो. एकदा ट्रेनमध्ये फोनवर मोठ्याने सांगत होतो, अरे आधी चाइल्डला मारून टाक, पेरेंटला हात लावू नकोस, पेरेंट आधी मेला तर सगळी पोरं ऑर्फन होतात आणि मग शोधत बसावं लागतं. समोरच्या काकूंनी आपल्या नातवाला खिडकीकडून उचलून पलीकडच्या बाजूला बसवलं. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या प्रोसेसबद्दल बोलत होतो हो काकू.

झोपाळू

माझा घोळ दोनच अक्षरांचा. विमानाचं तिकीट, दहा तारीख, १२:१५ एएम. मी दहा तारखेला दिवसभर शांतपणे बॅग भरली, रात्री दहाला थाटात विमानतळावर हजर. काउंटरवरच्या मुलीने तिकीट बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि इतक्या हळू आवाजात म्हणाली, सर हे काल रात्री गेलं. दहा तारीख सुरू होऊन पंधरा मिनिटं झाल्यावर गेलं ते, म्हणजे माझ्या डोक्यातली नऊ तारखेची रात्र. तेव्हा मी घरी गाढ झोपेत होतो, आयडीला जागून.

तेव्हापासून बारा वाजताचं काहीही असलं की मी फोन करून विचारतो, दुपारचे की रात्रीचे. लोक वैतागतात, वैतागू देत.

नीलपंखी

मी जरा वेगळं लिहिते. शॉर्टफॉर्म परवडले असं म्हणायची वेळ माझ्यावर आली होती. कारण एसओएस वाचलं की निदान कळतं तरी की हे काहीतरी आहे जे मला माहीत नाही, विचारता येतं, शोधता येतं. पण साधा रोजचा शब्द असेल आणि त्याचा अर्थ त्या लोकांत वेगळा असेल तर तुम्हाला कळतच नाही की तुम्हाला कळलेलं नाहीये.

आईचा सीटी स्कॅन झाला होता, रिपोर्ट संध्याकाळी मेलवर आला, डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशीची. आम्ही दोघी बहिणी फोन लावून ओळ न ओळ वाचत बसलो. लिव्हर अनरिमार्केबल. किडनी अनरिमार्केबल. स्प्लीन अनरिमार्केबल. ताईला वाटलं की तपासणी नीट झालीच नाही, सांगण्यासारखं काही दिसलंच नाही म्हणजे फोटो खराब आलाय, पुन्हा करायला लावणार. मला त्याहून भयंकर वाटलं, की अवयव काही कामाचे राहिलेले नाहीत. आणि शेवटी कसलीतरी गाठ "नॉट ऍप्रिशिएटेड", आता गाठीचं कौतुक कोण कशाला करेल?

रात्रभर आम्ही जाग्या. आई मात्र झोपली, तिला सांगितलंच नव्हतं. सकाळी डॉक्टर हसून म्हणाले, अनरिमार्केबल म्हणजे नॉर्मल, टिपून ठेवण्यासारखं काही वावगं नाही, आणि नॉट ऍप्रिशिएटेड म्हणजे गाठ दिसली नाही. इतका चांगला रिपोर्ट क्वचित येतो म्हणाले. आणि आम्ही त्याच्यावर रात्रभर रडलो होतो.

स्टेथो

नीलपंखी, हे मी किती वेळा पाहिलंय. "निगेटिव्ह" ऐकून चेहरा उतरलेले आणि "पॉझिटिव्ह" ऐकून पेढे वाटायला निघालेले, दोन्ही. रिपोर्ट मुळात एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला लिहिलेलं पत्र असतं, पूर्वी बंद पाकिटात यायचं, आता ते थेट पेशंटच्या फोनवर पडतं आणि भाषा तीच राहिलीये.

पाटी_पेन्सिल

मी इथे नवीन आहे. प्रश्न विचारू का, हसू नका. वर हहपुवा लिहिलंय, रच्याकने लिहिलंय, ते काय आहे?

मीच_ती

घ्या! शॉर्टफॉर्मच्या नावाने गळे काढणाऱ्या धाग्यात आपलेच शॉर्टफॉर्म 🙈

हहपुवा म्हणजे हसून हसून पुरे वाट. रच्याकने म्हणजे रस्त्याच्या कडेने, म्हणजे बाय द वे. पुलेशु म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. हेवेसांनल म्हणजे हे वेगळे सांगणे न लगे. ह.घ्या. म्हणजे हलकेच घ्या.

पाटी_पेन्सिल

धन्यवाद. आणि प्रकाटाआ? मी सहा महिने वाचतेय, दर दुसऱ्या धाग्यावर कुणीतरी नुसतं प्रकाटाआ लिहितं. मला वाटायचं कुणीतरी जपानी माणूस आहे.

टंकनदोष

जपानी 😂😂😂 प्रतिसाद काढून टाकला आहे! पोस्ट डिलीट करता येत नाही म्हणून आतला मजकूर पुसून ते लिहितात.

खडूस

यात नवीन काही नाही. आपल्या पत्रांत सा.न.वि.वि. असायचं, साष्टांग नमस्कार विनंती विशेष. शाळेत पत्रलेखनाला मी ते न समजता वर्षानुवर्षं लिहिलंय, आणि शेवटी ता.क. म्हणजे तारीख कळावी असं मला वाटायचं. ताजा कलम हे कितीतरी नंतर कळलं.

इंग्रजीत तेच. नंबरचा शॉर्टफॉर्म एन ओ, पण नंबरमध्ये ओ आहेच कुठे? तो लॅटिन न्युमेरोचा आहे. पौंडाचा एलबी लॅटिन लिब्राचा. ओके हा तर १८३९ मध्ये बोस्टनच्या वर्तमानपत्रात मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगचा विनोद म्हणून छापला गेला, "ऑल करेक्ट"चं चुकीचं स्पेलिंग. विनोद विसरला, शब्द राहिला. आणि ज्यांना वाटतं ओएमजी हल्लीच्या पोरांनी काढला त्यांच्यासाठी, १९१७ साली ऍडमिरल फिशरने चर्चिलला लिहिलेल्या पत्रात तो आहे, पुढे अर्थही दिलाय. निदान त्याने अर्थ दिला.

माझा खरा राग एटीएम मशीन, पिन नंबर आणि एलसीडी डिस्प्ले म्हणणाऱ्यांवर आहे. एटीएममधला एम मशीनचाच, पिनमधला एन नंबरचाच. पिवळं पीतांबर.

पहिला_बाक

गाईचं गोमूत्र राहिलं. पण खडूसकाका, नुसतं "पिन टाका" म्हटलं तर माझी आजी टाचणी शोधेल. पिन नंबर म्हटलं की आकडे टाकायचेत हे तरी कळतं. चूक असेल पण उपयोगाची चूक आहे.

खडूस

काका कुणाला म्हणतोस. (मुद्दा मान्य.)

कंट्रोल_झेड

जरा उलट बाजूने लिहू का. शॉर्टफॉर्मला सरसकट झोडपताय ते पटत नाही. लेझर, रडार, दोन्ही शॉर्टफॉर्मच आहेत. कुणी "उद्दीपित उत्सर्जनाने वाढवलेल्या प्रकाशाने डोळ्याचं ऑपरेशन केलं" असं म्हणत बसेल का? एकाच कामातले दहा लोक दिवसात शंभर वेळा तोच शब्द बोलणार असतील तर तो छोटा होणारच, चपलेची टाच झिजते तसा. आणि कधी कधी तर अक्षरांना मुद्दाम अर्थ नसलेलाच बरा. जागतिक वेळेचं यूटीसी घ्या, इंग्रजी क्रमाने (कोऑर्डिनेटेड युनिव्हर्सल टाइम) सीयूटी व्हायला हवं होतं, फ्रेंच क्रमाने टीयूसी. एकच सगळीकडे चालावं म्हणून दोघांचंही नसलेलं यूटीसी घेतलं. कुणाच्याच भाषेत नीट बसत नाही म्हणून कुणाची तक्रारही नाही.

नीलपंखी

दहा लोकांत बोला की हो, कोण नको म्हणतंय. तो कागद अकराव्याच्या हातात देताना उलगडून द्या एवढंच. तुमचे सगळे वाचलेले सेकंद आम्ही रात्री जागून भरतो.

कंट्रोल_झेड

हे मात्र खरंय. गप्प बसतो. कालच नवीन मुलीला "एसएसओचा टिकट आयटीएसएमवर टाक, एसएलए बघ" असं सांगून निघून आलोय. उद्या जाऊन तिला विचारतो काय केलं तिने.

स्टेथो

विचारा. आणि "कळलं का?" असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. काय करणार आहेस ते मला सांग, असं विचारा. मी पेशंटला घरी सोडताना हल्ली तसंच करतो, गोळी कधी घेणार ते तुम्ही मला सांगा म्हणतो. निम्मे जण काहीतरी भलतंच सांगतात.

अर्धविराम

बापरे, दोन दिवस इकडे फिरकले नाही तर धागा केवढा पळाला. सगळ्यांचे आभार, स्टेथो तुमचे खास, तुमचा लॅटिनचा प्रतिसाद मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला.

चूक केली. आता ते म्हणतायत की डॉक्टरांना चालतं तर मला का नाही, आणि मनगट अजून दुखतं, टाइप करायला त्रास होतो, हे कारण आहेच हाताशी. त्यामुळे मला मेसेज येतायत ते असे. परवा आला "बा. जा. उ. ये." बाहेर जातोय, उशिरा येईन, हे मला लागलं. काल संध्याकाळी ऑफिसमधून निघताना आला "गो. सं. घे." मी लावलं, गोळ्या संपल्या, घेऊन ये. म्हटलं चला, निदान दुखलं की घेतायत तरी, वाट वाकडी करून त्याच गोळीचं नवीन पाकीट घेऊन आले.

घरी आल्यावर कळलं, गोळी संध्याकाळीच घेतली.

जुन्या पट्टीत अजून सहा आहेत.